लहान मोटार आणि गांवचा कारागीर

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी यंत्रविद्येच्या इतिहासांत तें एकच घर आहे. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ मध्यें जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ असा जिल्हा करण्यांत आला. त्यालाच १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. ऊंस, हळद, द्राक्षें आणि राजकारण यांसाठीं हा मुलूख सर्वत्र प्रसिद्ध आहे. येथील लोहार, सुतार आणि ‘इंजिनवाले’ यांच्याविषयीं मात्र त्या मानानें फारच थोडें बोललें जातें. दुसऱ्यानें बनविलेलें यंत्र घरीं आणावयाचें, तें उघडून पाहावयाचें आणि आपल्या गरजेप्रमाणें त्यांत फेरफार करावयाचा, हा या मंडळींचा जुना स्वभाव. त्या स्वभावाच्या हातीं लहान मोटार सांपडली म्हणजे काय होतें, आणि कोणाच्या पडवीचा कारखाना झाला व कोणाची पडवी पडवीच राहिली, हें कशावर ठरलें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

अगदीं अलीकडची गोष्ट प्रथम घेऊं. कडेगांव तालुक्यांतील देवराष्ट्रे हें गांव यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान म्हणून वाचकांस ठाऊक असेलच. या गांवचे दत्तात्रय लोहार यांनीं आपल्या मुलाच्या हौसेखातर मोडींतल्या सामानांतून एक चारचाकी गाडी उभी केली. इंजिन दुचाकीचें, चाकें रिक्षाचीं, अंगलट जीपगाडीची, आणि सुरू करावयाची ती स्कूटरप्रमाणें पायानें दांडा मारून! खर्च सुमारें साठ हजार रुपये. १९२० साली अशी गाडी कोणी केली असती, तर गांवाबाहेर तिची वार्ता पोंचण्यास महिने लागले असते. २०२१ च्या डिसेंबरांत ती चार दिवसांत देशभर झाली. मोटारींचे मोठे कारखानदार आनंद महिंद्रा यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें, आणि त्याच दमांत दोन गोष्टी सांगितल्या: ही गाडी नियमांत बसत नाहीं, आणि ती देऊन लोहारांनीं आपल्या कारखान्याची बोलेरो घ्यावी. घरीं केलेली गाडी देण्यास कुटुंबाचें मन प्रथम होत नव्हतें, असें वृत्तपत्रांतून आलें होतें; तें साहजिकच होतें. तथापि जानेवारी २०२२ मध्यें हा बदल झाला. पुढें त्याच जिल्ह्यांत दुसऱ्या एका कारागिरानें जुन्या फोर्डच्या घाटाची गाडी दुचाकीच्या इंजिनावर बसविली, तिचीही अशीच वाहवा झाली.

या कौतुकांत ‘पाहा, खेड्यांतला न शिकलेला माणूस!’ असा जो आश्चर्याचा सूर होता, तो आम्हांस पटत नाहीं. देवराष्ट्र्यापासून किर्लोस्करवाडी फार दूर नाहीं. ज्या टापूंत शंभर वर्षांपूर्वीं लोखंडी नांगर ओतले जाऊं लागले, तेथील लोहाराच्या हाताला यंत्राची ओळख असणें ही नवलाची गोष्ट नव्हे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत मराठी वाचकांस नवी नाहीं, म्हणून येथें तिचा एकच धागा उचलतों. हा गृहस्थ मुंबईस शिक्षक होता. बेळगांवास येऊन त्यानें सायकलींचें दुकान घातलें. त्या वेळीं सायकल हीच काय ती नवलाई. ती विकतां विकतां दुरुस्ती आली, दुरुस्तींतून लेथ आला, आणि लेथावरून कडबा कापण्याचें यंत्र व पुढें नांगर आला. बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळचें निवडुंगानें माजलेलें माळरान त्यांस दिलें, आणि १९१० मध्यें तेथें किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाच्या नांगरानें जमीन विषारी होईल या समजुतीनें शेतकरी नांगराला हात लावीनात. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पहिल्या महायुद्धांत कच्चें लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं गडांवरच्या जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, असें सांगतात. तोफेचा नांगर करणारा आणि भंगाराची मोटार करणारा यांच्यांत पिढ्यांचें अंतर असेल, जातीचें नाहीं. अंतर आहे तें दुसरेंच. एकाच्या पाठीशीं लहानशा संस्थानाचा धनी उभा होता. त्यानें अर्जावर अर्ज मागविले नाहींत, माळ दाखविला.

साताऱ्याकडे हेंच काम धनजीशा कूपर या पारशी गृहस्थानें केलें. १९३७ मध्यें कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान म्हणून त्यांचें नांव राजकीय इतिहासांत येतें. पण शेतकऱ्यांच्या घरीं तें नांव पोंचलें तें सातारारोड येथील त्यांच्या कारखान्यामुळें. नांगर आणि उंसाचे चरक यांपासून सुरुवात करून १९३० नंतरच्या दशकांत तेथें डिझेल इंजिनें होऊं लागलीं. याचा परिणाम जितका शेतीवर झाला, तितकाच माणसांवरही झाला. मोट जाऊन विहिरीवर इंजिन आलें, आणि इंजिन आलें म्हणजे तें बंद पडणारच! तालुक्याच्या गांवाहून माणूस येईपर्यंत ऊंस वाळला असता. म्हणून प्रत्येक चार-सहा गांवांमागें एक ‘इंजिनवाला’ तयार झाला. व्हॉल्व्ह घांसणें, पिस्टनच्या रिंगा बदलणें, फुटलेलें हेड सांधून आणणें, हें त्यानें शाळेंत शिकून नव्हे, तर विहिरीच्या कांठीं उकिडवें बसून आत्मसात् केलें. मोटारीचा फेरफार करणाऱ्यांची खरी शाळा ही होय.

दुसऱ्या महायुद्धानें या शाळेची परीक्षाही घेतली. पेट्रोलवर नियंत्रण आलें, आणि मोटारी व सर्व्हिस गाड्या यांच्या मागें कोळशाच्या भट्ट्या दिसूं लागल्या. लांकडी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायु गाळून, थंड करून इंजिनांत सोडावयाचा, अशी ती योजना. हा वायु पेट्रोलच्या मानानें दुबळा. त्यामुळें गाडीची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शक्ति जात असे. चढ आला कीं उतारूंना खालीं उतरावें लागे, ही आठवण जुन्या माणसांनीं आपल्या नातवंडांना पुष्कळदां सांगितली आहे. या काळांत मोटारींत फेरफार करणें ही हौस नव्हती, आणि गुन्हा तर नव्हताच. सरकारलाच तो हवा होता. ही गोष्ट पुढें कायद्याचा विचार करतांना ध्यानांत ठेवावी.

युद्ध संपतां संपतां, म्हणजे १९४५ च्या सुमारास, सांगलीहून जवळच असलेल्या इचलकरंजींत शंकरराव कुलकर्णी यांच्या डोक्यांत एक विलक्षण कल्पना शिरली. शाळेंतलें शिक्षण सातवीपर्यंतच झालेल्या या माणसानें मध्यमवर्गाला परवडेल अशी मोटार स्वतःच बनविण्याचें ठरविलें. १९४९ मध्यें त्यांची पहिली दोन माणसांची गाडी रस्त्यावर आली. तिचें नांव ‘मीरा’. पुढें पंचवीस वर्षें हा माणूस एकामागून एक नमुने करीत राहिला. इंजिन मागें बसविलें, पोलादी कमानींच्या ऐवजीं रबराचा आधार देऊन सुटे भाग कमी केले, आणि १९७० नंतर गाडीची किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवतां येईल असें दाखवून दिलें. गाडी चालत होती. तिला नोंदणीचा नंबरही मिळाला होता. मिळाला नाहीं तो कारखान्याचा परवाना.

याचें कारण समजून घेतलें पाहिजे. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यान्वयें कोणी, कोठें, किती माल काढावयाचा, हें दिल्लींत ठरूं लागलें होतें. स्वस्त लहान मोटार देशास हवी कीं नको, या प्रश्नावर १९६० च्या सुमारास समित्या बसल्या, अहवाल निघाले, आणि निर्णय पुढें पुढें गेला. अखेर १९७० मध्यें लहान मोटारीचें इच्छापत्र मिळालें तें पंतप्रधानांच्या चिरंजीवांना. आणि त्या वेळेपर्यंत त्यांच्या हातून, ‘मीरा’प्रमाणें वीस वर्षें रस्त्यावर धांवलेली, अशी एकही गाडी निघालेली नव्हती. ‘मीरा’ हिंदुस्थानची मोटार झालीच असती, असा आमचा दावा नाहीं. एक गाडी हातानें करणें आणि दररोज शंभर गाड्या सारख्या काढणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि दुसरीला भांडवल लागतें. परंतु कुंडलच्या माळावरील पहिला नांगर तरी कोठें परिपूर्ण होता? चुका करून शिकण्यास लागणारी जागा एकाला मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाहीं.

दिल्लीची ती पहिली योजना फसली. कंपनी सरकारनें घेतली, जपानच्या सुझुकीशीं करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मारुति ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातांत पडली. तीन सिलिंडर, ७९६ घन सेंटिमीटरचें इंजिन, बारा इंची चाकें, शक्ति चाळीस घोड्यांच्या आसपास. पुढच्या तीस वर्षांत या गाडीनें मध्यमवर्गाच्या घरांत जी जागा मिळविली, ती सांगावयास नको. येथें सांगावयाचें आहे तें तिच्या दुसऱ्या आयुष्याविषयीं. घरांत मोठी गाडी आली, ८०० जुनी झाली, आणि ती मुलाच्या हातीं पडली. मुलगा इंजिनियरिंगला, हातांत पाना, आणि डोक्यांत एक शब्द: टर्बो.

इंजिन हें श्वास घेणारें यंत्र आहे. जितकी हवा आंत जाईल तितकेंच पेट्रोल आंत जळूं शकतें, आणि जळेल तितकीच शक्ति. पिस्टन खालीं उतरला कीं पोकळी होते, व बाहेरची हवा आपल्याच दाबानें तींत शिरते. तेव्हां वातावरणाचा दाब हीच साध्या इंजिनाची मर्यादा. वाईहून पसरणीच्या घाटानें वर गेलेल्या कुटुंबांस याचा अनुभव आहे. महाबळेश्वर सुमारें साडेचार हजार फुटांवर, तेथील हवा खालच्यापेक्षां जवळजवळ आठव्या हिश्श्यानें विरळ. पांच माणसें आणि वर सामान घेऊन चढणारी लहान मोटार शेवटच्या वळणांवर पहिल्या गियरवर येते, तेव्हां तिला केवळ चढ नडत नाहीं. तिला धापही लागलेली असते.

ही मर्यादा ओलांडण्याची युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरनें १९०५ मध्यें नोंदविली. पेट्रोलमधील उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर फुकट जातो. त्या धुराच्या वाटेवर एक लहान पंखा बसवावा. त्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा लावावा, आणि त्यानें ताजी हवा दाबून इंजिनांत कोंबावी. टाकाऊ धुरानें इंजिनाला श्वास पुरवावा, अशी ही मोठी मौजेची कल्पना आहे. अमेरिकेंत १९१८ मध्यें चौदा हजार फुटांवरील पाइक्स शिखरावर विमानाचें इंजिन चढवून ती पारखण्यांत आली, आणि तळाशीं मिळे तेवढी शक्ति शिखरावरही मिळाली. साध्या मोटारींत ती अमेरिकेंत १९६२ मध्यें आली. तिला घरगुती गाडींत सन्मान्य केलें तें स्वीडनच्या साब कंपनीनें, १९७८ मध्यें.

आमच्या तरुणाला भुरळ घालणारा आंकडा मात्र जपानचा आहे. मारुतीच्या इंजिनाचें जें कूळ, त्याच कुळांतील ५४३ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाला सुझुकीनें १९८७ मध्यें टर्बो बसविला, आणि त्या अल्टो गाडींतून ६४ घोड्यांची शक्ति काढली. धाकट्या भावाकडून इतकें निघतें, तर थोरल्याकडून किती निघावें! त्रैराशिक सोपें आहे, आणि येथेंच फसगत आहे. सुझुकीनें टर्बो वरून चिकटविला नव्हता. त्याच्यासाठीं इंजिन आंतून बदललें होतें.

दाबलेली हवा तापते. तापलेलें मिश्रण पिस्टननें पुन्हां दाबलें, कीं ठिणगी पडल्यानंतर ज्वाळा पोंचण्याच्या आधींच तें एखाद्या कोपऱ्यांत आपोआप भडकतें. पत्र्याच्या डब्यांत खडे हालवावे तसा आवाज येतो, आणि तो दुर्लक्षिला तर पिस्टनला भोंक पडतें. म्हणून इंजिनाचें मूळचें दाबाचें प्रमाण उतरावें लागतें, ठिणगीची वेळ मागें घ्यावी लागते, आणि आंत जाणारी हवा वाटेंत थंड करावी लागते. पुढें इंधन. २००० सालाच्या सुमारापर्यंतच्या ८०० ला कार्ब्युरेटर होता. त्याच्या आधीं टर्बो बसवून दाबाची हवा त्यांतून सोडली, तर तरंडीच्या कप्प्यालाही तोच दाब द्यावा लागतो व पेट्रोलचा पंपही त्याहून जोराचा लागतो. नाहीं तर ज्या क्षणीं इंजिनाला अधिक पेट्रोल हवें, नेमकें त्याच क्षणीं तें थांबतें. नंतरच्या गाड्यांत हें काम संगणकाकडे गेलें, आणि त्याची समजूत घालण्यासाठीं पान्याऐवजीं दुसरींच हत्यारें लागूं लागलीं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ पडद्यावर. तें तेल इंजिनाकडून आणावें लागतें आणि आपल्या वजनानें सुखानें परत खालीं उतरावें लागतें. ती नळी कोठें वाकडी राहिली, तर निळा धूर मागच्या माणसाला दिसतो.

एवढें सारें साधलें, आणि दाब बेतानें, म्हणजे वातावरणाच्या चार-दशांशाइतका वाढविला, तर हाताशीं काय येतें? कागदावर चाळीस टक्के. प्रत्यक्षांत त्याहून कमी. चाळीस घोड्यांचे पन्नास-बावन्न झाले तर कारागीर चांगला समजावा. मग क्लच घसरूं लागतो. गियर कुरकुरतात. आणि सर्वांत शेवटीं, बहुधा फार उशिरां, ब्रेकची आठवण होते. गति सव्वापट-दीडपट झाली कीं थांबविण्याचें काम तितकेंच वाढतें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ताशीं ८० किलोमीटरवर ब्रेकला जेवढें काम पडतें, त्याच्या दुप्पट ११३ वरच पडतें. बारा इंची चाकांतला ब्रेक मात्र मूळचाच असतो.

म्हणून या बाबतींत कायदा कडक आहे, याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत २००० सालीं दुरुस्ती झाली, आणि कारखानदारानें मूळ ठरविलेल्या वर्णनाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये, असें ठरलें. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा अर्थ निःसंदिग्ध शब्दांत कायम केला. वाईट वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. याच कलमानें ठराविक वायूचें साहित्य बसवून इंधन बदलण्यास, आणि अपंगांसाठीं गाडींत सोय करण्यास, वाट ठेवली आहे. म्हणजे फेरफार हा मुळांतच निषिद्ध आहे असें नव्हे. मोठ्या कारखान्याच्या साहित्याला वाट आहे, एकट्या माणसाच्या एकट्या गाडीला नाहीं. जर्मनींत फेरफार केलेली गाडी तज्ज्ञ परीक्षकापुढें उभी करतां येते. तो ब्रेक, धूर, सांधे तपासतो आणि पटलें तर कागदावर तशी नोंद होते. इंग्लंडांत घरीं बनविलेल्या एकेका गाडीची परीक्षा घेऊन तिला रस्त्यावर येऊं देतात. ही परीक्षा सोपी नसते, आणि नसावीच. नापास होणाऱ्याला आपण कोठें चुकलों तें तरी कळतें. आमच्याकडे परीक्षाच नसल्यामुळें चांगला कारागीर आणि बेफिकीर कारागीर हे दोघेही एकाच पंक्तीस बसतात. दोघेही रात्रीं, आडरस्त्यावर, पोलिसाची नजर चुकवून गाडी चालवितात, आणि दोघांनाही कोणी ब्रेकविषयीं विचारीत नाहीं. ज्या सरकारनें युद्धकाळीं कोळशाच्या भट्ट्या चालवून घेतल्या, त्याच्या वारसांना एवढी परीक्षा घेणें अवघड जाऊं नये.

दरम्यान कारखान्यांनीं टर्बो स्वतःच उचलला आहे. २०१७ मध्यें मारुतीनें ९९८ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाला टर्बो लावून बलेनो गाडी काढली. शक्ति शंभर घोड्यांच्या वर. इंजिन पहिल्या रेघेपासून टर्बोसाठींच आंखलेलें, ब्रेक तसेच मोठे, म्हणून नोंदणीला हरकत नाहीं.

आणि देवराष्ट्र्याच्या त्या गाडीचें काय झालें? ती महिंद्रांच्या चेन्नईजवळील संशोधनशाळेंत गेली. तेथील इंजिनियरांना थोडक्या सामानांत पुष्कळ साधण्याची कला तिच्यावरून कळावी, असा हेतु सांगितला गेला. तिच्या बदल्यांत लोहारांच्या दारीं जी बोलेरो आली, तिच्या जातीच्या गाड्यांचें त्या सालचें इंजिन दीड लिटरचें, तीन सिलिंडरी, आणि टर्बो बसविलेलें असतें.